म्हैसूरच्या जन्मनोंदी आणि जुळ्यांचे कोडे

एकसारख्या जुळ्यांनी ज्योतिषाला फार पूर्वीपासून पेचात टाकले आहे. लग्न एक, ग्रहमान एक, आईबाप तेच. तरी एक भाऊ धडधाकट म्हातारा होतो आणि दुसरा पन्नाशीतच हृदयविकाराने अंथरूण धरतो. या पेचातून विज्ञानही सुटलेले नाही. 1875 साली फ्रान्सिस गाल्टनने जुळ्यांची माहिती जमवून बीज थोर की संगोपन थोर, या वादात बीजाच्या बाजूने कौल दिला. पण ज्यांचे बीजही एक आणि संगोपनही एक, त्यांच्यात अंतर पडावे कशाने? बीज रुजल्यापासून मूल रडेपर्यंतचे नऊ महिने या वादात फारसे कोणी हिशेबात धरीतच नसे.

ते महिने हिशेबात आणणाऱ्या दप्तरांत म्हैसूरच्या एका इस्पितळाचे दप्तर मानाने मोडते. 1906 साली सुरू झालेले होल्ड्सवर्थ मेमोरियल हॉस्पिटल गावात मिशन हॉस्पिटल म्हणूनच ओळखले जाते. 1934 पासून तेथे जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर टिपून ठेवलेला आहे. पुष्कळ ठिकाणी गरोदर आईचे वजनही आहे. (त्याच शहरात 1935 साली मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या घरी नभोवाणी केंद्र काढले, त्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे देशाच्या नभोवाणीने स्वीकारले.) त्या प्राध्यापकांचे नाव राहिले. बाळांना तराजूत घालणाऱ्या परिचारिकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी नोंदी केल्या त्या रोजचे काम म्हणून. साठ वर्षांनी त्या कोणी वाचील, ही कल्पनाही त्यांना नसावी. सरकारी असो वा मिशनचे, नेटके राखलेले दप्तर असे फळास येते.

1989 साली इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरच्या जुन्या जन्मनोंदींवरून दाखविले की, जन्मतः हलक्या असलेल्या पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू अधिक होतात. हे हिंदुस्थानात खरे ठरते काय? त्यासाठी इस्पितळाच्या आसपासच्या वस्तीत हिंडून, 1934 ते 1954 या काळात तेथे जन्मलेली 517 माणसे शोधण्यात आली. 1996 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जन्मवेळी अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांपैकी शेकडा 11 जणांना हृदयविकार होता, तर सव्वातीन किलोंच्या आसपास व त्यापुढे भरलेल्यांत शेकडा 3 जणांना. आणि जी बाळे हलकी होती व ज्यांच्या आयांचे वजनही गरोदरपणी 100 पौंडांहून कमी होते, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा 20 वर गेले. अर्धपोटी राहिलेल्या आईचा हिशेब लेकाच्या काळजावर मांडला गेला होता.

मधुमेहाने मात्र वेगळेच उत्तर दिले. 1998 साली त्याच नोंदींवरून दिसले की, मधुमेह हलक्या बाळांपेक्षा लांबीने आखूड पण अंगाने गुबगुबीत बाळांत पुढे अधिक आढळतो. इंग्लंडचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडला नाही, आणि हेच या संशोधनाचे खरे मोल होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनाही आढळले की, आपले बाळ वजनाने कमी दिसले तरी त्याच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नसते.

म्हैसूरच्या नोंदी काही जुळ्यांसाठी ठेवलेल्या नव्हत्या. तरी जुळ्यांच्या कोड्याची एक किल्ली त्यांत आहे. आई एक असली म्हणून दोघांचा गर्भवास एक नसतो. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश एकाच वारेवर पोसले जातात. पण त्या पोषणाची वाटणी समसमान होतेच असे नाही. ज्या जोड्यांत एकालाच मधुमेह झाला, त्यांत मधुमेही भावंड जन्मतः अधिक हलके होते, असे डेन्मार्कमध्ये 1997 साली आढळले. बीजही तंतोतंत एक राहत नाही. आइसलंडमधील 2021 च्या पाहणीनुसार गर्भाच्या अगदी आरंभीच्या दिवसांत झालेले सरासरी पाच बदल अशा दोघांना वेगळे करतात. बोटांच्या ठशांचेही तसेच. जन्माच्या कितीतरी आधीच त्या रेषा कायमच्या ठरून जातात, आणि त्या दोघांच्या कधीच सारख्या नसतात.