पातनयंत्रांतील शीतोदक : एक उपेक्षित प्रमाण

आपल्या देशांत अर्क काढण्याची कला किती जुनी, हा वाद जुनाच आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड इ. स. १९०२ मध्यें प्रसिद्ध केला, तेव्हांपासून रसग्रंथांतील यंत्रें विद्वानांच्या चर्चेंत आलीं. या चर्चेंत भांड्याचा आकार, नळीचा बांक व संधिलेपाचीं द्रव्यें यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. वाफ निववणाऱ्या पाण्याचा हिशेब मात्र बहुधा मागें राहतो. आमच्या मतें हेंच पाणी या वादांतील एक महत्त्वाचें प्रमाण आहे. म्हणून तें कोठें ठेवीत, तापल्यावर त्याचें काय करीत आणि तें पुनः कसें वापरीत, एवढ्याच मुद्द्यांचा विचार येथें योजिला आहे.

प्रथम पाण्याची गरज किती, तें पाहूं. १ किलो वाफेचें पाणी होतांना सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. भोंवतालचें पाणी ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापूं दिलें, तर १ किलो अर्कामागें सुमारें १८ किलो पाणी लागतें. तेंच ८० अंशांपर्यंत तापूं देण्याची सोय असेल, तर ११ किलोंत भागतें. शुद्ध मद्यार्काच्या वाफेची उष्णता पाण्याच्या वाफेच्या निम्म्याहूनहि कमी. तथापि भट्टींतून मद्यार्काबरोबर पाण्याची वाफहि येते, त्यामुळें तेथेंहि पाणी थोडें लागत नाहीं. ज्या काळीं पाणी विहिरींतून शेंदून डोक्यावर आणावें लागे, त्या काळीं हा खर्च सरपणाच्या खर्चाइतकाच जाचक असला पाहिजे. यंत्राची घडण या जाचानें ठरते, हें ध्यानांत ठेवून आतां ग्रंथांकडे वळूं.

वाग्भटाच्या नांवावर असलेला रसरत्नसमुच्चय हा ग्रंथ सामान्यतः तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानितात. त्याच्या नवव्या अध्यायांत यंत्रांचीं वर्णनें आहेत. पातनयंत्राच्या वर्णनांत गळ्याखालीं चार अंगुळें उंचीचा जलाधार सांगितला आहे. सांधे म्हशीचें दूध, मंडूर, काकवी इत्यादिकांनीं लिंपून मग जलाधारांत पाणी घालावें, असा क्रम आहे. तिर्यक्पातनयंत्रांत एका घटाची खालीं वांकलेली लांब नळी दुसऱ्या घटाच्या कुशींत सोडावयाची. पहिल्याखालीं तीव्र अग्नि आणि दुसऱ्यांत थंड पाणी. हीं यंत्रें पाऱ्यासाठीं आहेत, मद्यासाठीं नव्हेत, हें खरें. परंतु अग्नि आणि पाणी यांची जोडी जुळल्याशिवाय पातन होत नाहीं, हें ग्रंथकारास पूर्णपणें ठाऊक होतें, एवढें यावरून निर्विवाद सिद्ध होतें.

मद्याच्या बाबतींत अधिक स्पष्ट पुरावा अबुल फज्ल याच्या आईन-इ-अकबरींत मिळतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या या ग्रंथांत उसाच्या रसापासून अर्क काढण्याच्या तीन रीती दिल्या आहेत. पहिलींत भांड्याच्या आंतच एक पेला ठेवून वर थंड पाण्याचें पात्र बसवीत. वाफ त्याच्या बुडाला लागून पेल्यांत ठिबके, आणि वरचें पाणी तापलें कीं बदलीत. दुसरींत भांड्याला दोन नळ्या जोडून त्यांचीं टोंकें थंड पाण्यांत बसविलेल्या घड्यांत सोडीत. तिसरींत झांकणावर पाणी भरून ठेवीत व खालीं पोकळ दांड्याची मोठी पळी बसवून तिच्या वाटे अर्क बाहेरच्या घड्यांत नेत. जोसेफ नीडहॅम यांनीं इ. स. १९८० मध्यें प्रसिद्ध केलेल्या खंडांत पातनयंत्रांचे मंगोल, गांधार व चिनी असे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांशीं या तीन रीती अनुक्रमें जुळतात. एकाच काळीं, एकाच राज्यांत तिन्ही नांदत होत्या, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे.

आतां या तिहींचा पाण्याच्या दृष्टीनें विचार करावा. पहिल्या व तिसऱ्या रीतींत पाणी थोडें मावतें, लवकर तापतें आणि वरचेवर बदलावें लागतें. पण तें चुलीवरच तापत असल्यामुळें पुढच्या घाण्यास तयार ऊन पाणी म्हणून उपयोगीं पडूं शकतें. दुसऱ्या रीतींत हौद मोठा करतां येतो, म्हणून पाणी सावकाश तापतें आणि मनुष्यास उसंत मिळते. म्हणजे जेथें पाणी मुबलक व जागा मोठी, तेथें दुसरी रीत सोयीची. जेथें एक घागर पाण्यावर काम भागवावयाचें, तेथें पहिली.

दुसरी रीत आजहि जिवंत आहे. कनौजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेंत फुलें व पाणी घालून तोंड मातीनें लिंपतात आणि बांबूच्या चोंग्यानें वाफ भपक्यांत नेतात. भपका पाण्याच्या हौदांत बसविलेला असतो व त्यांत चंदनाचें तेल असतें. हौदांतील पाणी ऊन झालें कीं बदलावयाचें. शिवाय भपक्यांत तेलाखालीं सांचलेलें सुवासिक पाणी फेंकून न देतां पुनः देगेंत घालितात. यांत पाण्याची बचत होते आणि त्यांत विरघळलेला सुगंधहि वांचतो. या अत्तरास इ. स. २०१४ मध्यें भौगोलिक निर्देशांक मिळाला. गोमंतकांतील काजूच्या फेणीस तो इ. स. २००९ मध्येंच मिळाला होता. तेथें जुन्या पद्धतींत वाफ ज्या घड्यांत उतरे, त्यावर माणूस सतत थंड पाणी ओतीत राही. पुढें पाण्याच्या टांकींत बुडविलेली वेटोळी नळी आली. काजूचा हंगाम फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा, म्हणजे विहिरींचे तळ दिसूं लागण्याचा. अशा दिवसांत ओतलेलें पाणी मातींत जिरूं देणें कोणाला परवडेल?

टांकींत वेटोळें आल्यावर एक नवीन सोय झाली. थंड पाणी तळाशीं सोडलें व ऊन पाणी माथ्याकडून काढलें, तर अर्क शेवटीं सर्वांत थंड पाण्याजवळून जातो आणि निघणारें पाणी चांगलेंच कढत मिळतें. हें पाणी पुढच्या घाण्यांत घातलें कीं सरपणहि वांचतें. उरलेलें पाणी उथळ, उघड्या पात्रांत रात्रभर ठेवल्यास तें आपोआप निवतें. १ किलो पाणी उडून जातांना सुमारें ५७५ किलोकॅलरी उष्णता नेतें. म्हणजे पाणी फेंकून दिल्यास एका मापास अठरा मापें जातात. निववून फिरविल्यास एकास सुमारें एकच. सुरईचें पाणी ज्या तत्त्वानें गार होतें, तेंच हें तत्त्व.

आतां मूळ वादाकडे. तक्षशिलेच्या सिरकप येथील भांड्यांची जुळणी करून सर जॉन मार्शल यांनीं इ. स. १९५१ च्या ग्रंथांत पातनयंत्र दाखविलें, इ. स. १९७९ मध्यें रेमंड ऑल्चिन यांनीं चारसद्द्याजवळच्या शेखान ढेरी येथील पात्रांच्या आधारें हिंदुस्थान हें पातनाचें आद्यस्थान असावें काय, असा प्रश्न मांडला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, फुगीर पोटाचें पात्र पाण्यांत बसूं शकतें, म्हणून तें पातनाचें असूं शकतें. तथापि त्यांत मद्य उतरलें कीं सुगंधी जल, हें आकार सांगत नाहीं. निर्णयाकरितां पात्राभोंवतीं पाण्याचें कुंड होतें काय, जवळ विहीर वा मोरी होती काय, आणि एकाच ठिकाणीं अशीं पात्रें किती होतीं, हें नोंदलें पाहिजे. पाण्याशिवाय केलेलें यंत्राचें अनुमान अर्धेंच होय.

असा पुरावा केवळ जमिनींतच आहे असें नाहीं. वैद्यांच्या घरांतून अर्क काढण्याचे तांब्याचे भबके असत. ते जेथें उरले असतील, तेथें मोडीच्या भावानें जाण्यापूर्वीं त्यांचीं मापें, वरच्या पात्रांत किती पाणी मावतें तें, आणि तापलेलें पाणी काढण्याची तोटी कोठें आहे तें, लिहून ठेवावें. मद्याच्या भट्ट्यांवर मुंबई इलाख्यांत इ. स. १९४९ च्या कायद्यानें निर्बंध आल्यावर तीं भांडीं उघड्यावर येणें अवघडच झालें. म्हणून वैद्यांच्या व अत्तरवाल्यांच्या भांड्यांचें मोल अधिक. अभ्यासकांनीं इतकें केलें, तर पुढील संशोधकांस केवळ शब्दांवरून वाद घालावा लागणार नाहीं.