देव सर्वांचा, चित्र चित्रकाराचे

आपल्या देवघरातील तसबिरीतली लक्ष्मी कोणी काढली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी आणि जवळच सोंडेत माळ घेतलेला हत्ती, हे रूप अनादि कालापासून असेच चालत आले असावे, अशी आपली भाविक समजूत असते. गजलक्ष्मीची कल्पना पुरातन आहे यात शंका नाही. परंतु साडी नेसलेली, एखाद्या प्रसन्न गृहलक्ष्मीसारखी दिसणारी जी मूर्ती आज घरोघर पूजिली जाते, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा रविवर्म्याच्या कुंचल्यातून उतरली. देव अनादि खरा. पण त्याच्या चित्राला जन्मतिथी असते आणि जन्मदाताही असतो.

या इतिहासाशी आपल्या समाजाचे नाते निकटचे आहे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे मूळचे तंजावरकडील मराठी घराण्यातले. दोन हातांनी काढलेली चित्रे साऱ्या देशाची हौस पुरवू शकणार नाहीत, तेव्हा निवडक चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढवून घ्याव्यात, असा सल्ला त्यांनी रविवर्म्यास दिला होता. पुढे १८८८ साली सयाजीराव महाराजांनी पौराणिक प्रसंगांवरील चौदा चित्रांचे काम त्याच्याकडे सोपविले. ही चित्रे पाहावयास लोटलेला जनसमुदाय पाहून, राजवाड्यापुरत्या कलेला बाहेर केवढी मागणी आहे हे चित्रकाराच्या ध्यानी आले, आणि १८९४ साली मुंबईत त्याचा छापखाना उभा राहिला. तोच पुढे लोणावळ्यानजीक मळवली येथे हलविण्यात आला.

तैलचित्राचे छापील प्रतीत रूपांतर करणे हे सोपे काम नव्हे. शिळाछापाच्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो. कारागिराने मूळ चित्रातील रंग मनात वेगळे करावयाचे, ज्या त्या रंगाचा भाग त्या त्या दगडावर उलटा उतरावयाचा, आणि एकच कागद क्रमाने सर्व दगडांवर दाबावयाचा. कागद केसभर सरकला तर देवीचे ओठ हनुवटीवर उतरत! यासाठी जर्मन तंत्रज्ञ आणावे लागले. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटसृष्टीकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते.

छापील प्रत घरी आली की भक्ताचा हात तिच्यावर फिरे. कोणी देवीच्या साडीवर खरी जर चिकटवी, कोणी टिकल्यांचे दागिने घडवी. आजचा तरुण आवडत्या देवतेचे चित्र संगणकावर नव्याने रंगवून मित्रांस धाडतो, तेव्हा तो याच परंपरेत बसतो. त्याची हौस हीन लेखण्याचे कारण नाही. दोष निराळा आहे. जुन्या प्रतीच्या तळाशी छापखान्याचे नाव असे. चौकटीच्या मापासाठी ती पट्टी कापली की नावही जाई. आज कोपऱ्यातील सही बोटाच्या एका स्पर्शाने कापली जाते, आणि निनावी झालेले चित्र सहस्रावधी लोकांत पसरते.

कायदा काय म्हणतो? पुराणकथा, दंतकथा किंवा नुसती कल्पना यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. लक्ष्मी कोणीही काढावी. परंतु एका चित्रकाराने तिला दिलेले विशिष्ट रूप हे त्याचे असते, आणि १९५७ च्या कायद्यानुसार हा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. रविवर्मा १९०६ साली निवर्तला. त्याची चित्रे आता सर्वांची झाली आहेत. परंतु गोव्याचे सुपुत्र रघुवीर मुळगावकर, ज्यांच्या देवदेवतांनी असंख्य दिनदर्शिका शोभविल्या, ते १९७६ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत चालेल, मग त्या हक्काचा धनी वारस असो वा प्रकाशक.

खाजगी उपयोगासाठी केलेल्या रास्त नकलेस कायदा अडवीत नाही. पण देवस्थानाच्या स्मरणिकेवर छापणे वा सार्वजनिकरीत्या प्रसृत करणे ही गोष्ट वेगळी. धार्मिक समारंभातील गायनवादनास कायद्याने सूट दिली आहे. ती चित्र छापण्यास लागू नाही. शिवाय हक्क विकल्यावरही आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या कीर्तीस बाध आणणाऱ्या विकृतीस हरकत घेण्याचा चित्रकाराचा अधिकार उरतोच.

नावासाठी मूळ चित्रकारापर्यंत जाण्यात मुद्रकाचेही हित आहे. फोनवरून फिरत आलेले चित्र प्रत्येक हस्तांतरात झिजलेले असते. उत्तम छपाईस दर इंची तीनशे बिंदू लागतात. म्हणजे बाराशे बिंदू रुंदीचे चित्र चार इंचांपुरतेच पुरते, आणि बारा इंची फलकास छत्तीसशे हवेत. पडद्यावरील रंग तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचे, तर कागदावरचे आकाशी, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईचे. म्हणून पडद्यावर झळाळणारा शालू कागदावर मंदावतो. मोठी मूळ प्रत मागावी, छपाईचे रंग आधी पडताळावेत, आणि संकेतस्थळासाठी लहान प्रत निराळी करावी.

देवस्थानांच्या समित्यांना आमचे सांगणे इतकेच की, मुखपृष्ठावर चित्र घेताना चित्रकाराचा शोध घ्यावा, हक्क चालू असेल तर परवानगी मागावी, आणि हक्क संपला असला तरी नाव अवश्य छापावे. देणगीदाराचे नाव आपण सभामंडपाच्या शिळेवर कोरतो. ज्याने देवाला डोळ्यांपुढे उभे केले, त्याच्यासाठी चित्राखाली एक ओळ राखणे काही जड नाही.