बोलण्यातली तक्रार, कागदावरची मागणी : गिरणगाव, १८८४

लोअर परळच्या काचेच्या इमारतींमध्ये आज आपली मुलं ‘मीटिंग इंग्लिश’चे वर्ग करतात. मुद्दा कसा मांडावा, साहेबाला न दुखवता ‘नाही’ कसं म्हणावं, हे तिथे शिकवतात. याच जमिनीवर गिरण्या होत्या, तेव्हा हा प्रश्न पोटाचा होता. तो आपण आज १८८४ सालच्या एका अर्जातून पाहू.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. कंपनी १८५४ची, उत्पादन १८५६पासून. पुढे परळ-लालबागपर्यंत भोंगे वाजू लागले. साच्यावर रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं आणि वर विव्हिंग मास्टर, इंजिनिअर. त्यांतले बरेच लँकेशायरहून आलेले. या दोघांच्या मध्ये उभा जॉबर. कामावर घेणार तोच, काढणार तोच, दस्तुरी खाणारही तोच. आणि साहेबाशी बोलायचं, तेही त्याच्याच तोंडून! मग त्याच्याविरुद्धची तक्रार साहेबापर्यंत जायची कशी?

गिरगावातल्या पांढरपेशा घरांना पुढे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मिळाली. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा, अशी ती पद्धत. ती घोकून कित्येक पिढ्या कारकुनीला लागल्या. साच्यावरच्या माणसाला पाठमाला नव्हती. त्याला हवा होता त्याच्या बाजूने लिहिणारा माणूस.

तो माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणीत स्टोअरकीपरचं काम केलेले. मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ठरलेल्या पाच मागण्यांचा अर्ज सुमारे ५,५०० कामगारांच्या वतीने आयोगापुढे गेला.

मागण्या अशा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी : कामावर जबर इजा झाली, तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, जन्माचा अधू झाला, तर पोटापाण्याची सोय.

ही पाचवी मागणी जरा थांबून बघा. चाळीत आपण काय म्हणतो? ‘त्याचं बोट गेलं.’ घालवलं कोणी, भरून कोण देणार, हे त्या वाक्यात कुठेच नाही. अर्जाने त्याचं ‘जर-तर’ केलं. जर इजा झाली, तर पगार. पगाराचंही तसंच. ‘साहेब, लवकर द्या’ म्हटलं की ‘बघू’ असं उत्तर येतं, आणि आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ‘१५ तारखेच्या आत’ म्हटलं की उत्तर हो किंवा नाही, एवढंच उरतं. आम्हाला वाटतं, कामाच्या ठिकाणच्या भाषेचं खरं व्याकरण हे आहे. गयावया संपते आणि अट सुरू होते.

लोखंड्यांच्या संघटनेला सभासदांची यादी नाही, नियम नाहीत, निधी नाही, असं पुढे सरकारी अहवालात नोंदलं गेलं. ते खरंच होतं. पण अर्ज उरला होता. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि अर्ध्या तासाची विश्रांती आली.

इजेच्या भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये, वेळेवर पगाराचा १९३६ मध्ये. म्हणजे एका वाक्याला ३९ वर्षं लागली, दुसऱ्याला ५२. लोखंडे तर १८९७च्या प्लेगमध्येच गेले होते.

तेव्हा मंडळी, पुढच्या बैठकीत कोणी ‘बघू’ म्हणालं, तर तारीख विचारा. आणि ती कागदावर घ्या.