मनोबल एकट्याचे नसते : १८९७चा प्लेग आणि सत्यशोधकांचा वारसा

कोरोनाच्या काळात टीव्हीवर आणि व्हॉट्सअॅपवर एकच उपदेश चालू होता : सकारात्मक राहा, छंद जोपासा, मन खंबीर ठेवा. ताण वाटला तर समुपदेशनाच्या हेल्पलाइनला फोन करा. वस्तीत रेशनच्या पिशव्या वाटताना मी तो नंबर एका ताईला दिला. ती म्हणाली, "दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सहा जण. फोनवर रडू कुठं बसून?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

हातावर पोट असणाऱ्याचे काम गेले, भाडे थकले, तर त्याच्या मनावरचा ताण हा त्याच्या मनाचा दुबळेपणा कसा? समाजव्यवस्थेतून आलेला ताण व्यक्तीच्या डोक्यावर टाकायचा आणि तिलाच 'खंबीर राहा' म्हणायचे, ही सोयीची चलाखी आहे. या चलाखीला आपल्या इतिहासात सडेतोड उत्तर आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. माणसे शहर सोडून पळू लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँडच्या हाताखाली सैनिक घरात घुसून रोगी शोधू लागले. धास्तावलेले लोक आपला रुग्ण लपवू लागले. एकीकडे रोगाची भीती, दुसरीकडे सरकारची. त्यात अस्पृश्याच्या वाट्याला तिसरी गोष्ट होतीच. साथ येण्याआधीही त्याला कुणी शिवत नव्हते.

प्लेगचा इतिहास म्हटला की २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्या आपल्याला आठवतात. ते शाळेतच पाठ करून घेतलेले असते. पण त्याच वर्षीच्या आणखी दोन तारखा किती जणांना ठाऊक आहेत? ९ फेब्रुवारी १८९७ : गिरणी कामगारांचे पुढारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी राबता राबता प्लेगनेच गेले. १० मार्च १८९७ : पुण्यात सावित्रीमाई गेल्या. एका महिन्याच्या अंतराने सत्यशोधक चळवळीने दोन बिनीची माणसे साथीत गमावली. कुणावर गोळी झाडणारा इतिहासात ठळक होतो. रोग्याला उचलून आणणारी मात्र फार तर तळटीप होते. हा योगायोग नाही. इतिहास कोण लिहितो, याचा हा परिणाम आहे.

माईंनी काय केले ते नीट पाहा. १८९० साली जोतीराव गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरून चालणाऱ्या माईंनी पुढे सत्यशोधक समाजाची धुरा उचलली. दुष्काळात अन्नछत्रे चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी १८७७पासून होता. प्लेग आला तेव्हा त्यांचे वय ६६. डॉक्टर असलेल्या यशवंताने पुण्याबाहेर ससाणे मळ्यात दवाखाना उघडला आणि माई रुग्ण आणू लागल्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली.

यात चमत्कार नाही, नवस नाही, देवीचा कोप शांत करणे नाही. डॉक्टर आहे, औषधोपचार आहे आणि शिवायला न घाबरणारी माणसे आहेत. साथीत माणसाचे मन कशाने टिकते, याचे उत्तर इथे आहे. 'मी पडलो तर मला उचलायला कुणीतरी येईल', या खात्रीने ते टिकते. ही खात्री उपदेशातून येत नाही, ती संघटनेतून येते. आणि माईंच्या मागे तेव्हा २४ वर्षांची संघटना उभी होती.

तथागतांचा मार्गही हाच. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू विचारत नव्हते, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. बुद्धांनी आनंदासोबत त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले आणि संघाला बजावले : ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

कुणी म्हणेल, मग ध्यान, समुपदेशन हे सारे फोल आहे का? मुळीच नाही. विपश्यना आपलीच आहे आणि मनोविकारावरचे औषध तर विज्ञानच आहे. ते वस्तीपर्यंत पोहोचलेच पाहिजे. गरज असेल त्याने न लाजता डॉक्टरकडे जावे. पण रेशन, मजुरी आणि दवाखाना यांना ते पर्याय म्हणून पुढे केले जाते, तेव्हा विरोध करायला हवा.

कोरोना ओसरला, पण साथ पुन्हा येणार नाही, असे कुणी सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक विहारात आजच एक वही ठेवूया : वस्तीत एकटे कोण राहते, कुणाला रोजची गोळी लागते, कुणाकडे रेशनकार्ड नाही. १० मार्चला प्रतिमेला हार घालून आपण घरी जातो. यंदा त्या वहीचे पहिले पान भरूनच उठूया.

जय सावित्री! जय भीम! नमो बुद्धाय!