नाव आणि ओळख

मच्छेच्या कारखान्यांत पोलाद कापणाऱ्या ड्रिलवर जो सोनेरी लेप दिसतो, ते सोने नव्हे. टायटॅनियम नायट्राइड होय. याच द्रव्याचे सोनेरी कण १८५२ साली उत्तर हिंदुस्थानात बस्तीजवळ पडलेल्या उल्कापाषाणात आढळले. मास्केलाइन यांनी १८७० मध्ये त्यांना ‘ऑस्बोर्नाइट’ हे नाव दिले. खरी ओळख मात्र बॅनिस्टर यांनी क्ष-किरणांच्या साह्याने १९४१ मध्ये पटविली. मधे ७१ वर्षे गेली! आज टायटॅनियम डायॉक्साइडची भुकटी अमोनिया वायूत तापवून याचे नॅनोकण करतात. ते मिलिमीटरच्या दहा हजारांशाहूनही सूक्ष्म आणि त्यांची भुकटी काळी. तेथे डोळ्यांची साक्ष चालत नाही. क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासावीच लागते. शब्दांची व्युत्पत्ती शोधण्यात आयुष्य घालविलेल्या मला ही शिस्त परकी वाटत नाही. आपल्या शाळेतील मुलांनी ती अंगी बाणवावी.