स्टॅनफर्डच्या लेलेबाई

स्मरणिकेच्या संपादकांनी "नोकरी सोडून कशावरही लिही" अशी अट घातली, म्हणून हा लेख. शीर्षक वाचून कुणाला सदाशिव पेठेतले किंवा दादरचे लेले आठवले असतील, तर आधीच सांगते: लेले हे या बाईंचं पहिलं नाव, आडनाव फोरूड. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मुलींच्या टेनिस संघाच्या त्या प्रशिक्षक. कामानिमित्त काही वर्षं कॅलिफोर्नियात होते, तेव्हा या संघाचे सामने बघायची सवय लागली. मग इंजिनिअरची खोड म्हणा, जुने निकाल खणत बसले. त्यातून जे हाती लागलं ते आपल्या बॅचला, आणि त्याहीपेक्षा आपल्या बाईंना आणि सरांना सांगावंसं वाटलं.

गोष्ट १९७२ पासून सुरू करावी लागते. त्या वर्षी जूनमध्ये अध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका कायद्यावर सही केली. त्यातलं 'टायटल नाइन' नावाचं कलम मूळ इंग्रजीत अवघं ३७ शब्दांचं. सरकारी मदत घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणक्रमात स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही, एवढाच त्याचा मतलब. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण कॉलेजातले खेळ हा शिक्षणाचाच भाग धरला गेला, आणि मुलींच्या संघांना मैदान, प्रवासखर्च, शिष्यवृत्त्या देणं भाग पडलं. त्याआधी हे संघ बहुतेक ठिकाणी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका सांभाळायच्या, बऱ्याचदा वेगळा पगार न घेता. आपल्याकडे खो-खोच्या टीमचं जसं असायचं तसंच, पी.टी.चा तास गणिताला जायचा आणि प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर.

फोरूड फ्लोरिडाहून स्टॅनफर्डला आल्या त्या या बदलाच्या अगदी सुरुवातीला, १९७०च्या दशकाच्या मध्यावर. ॲन गूल्ड तेव्हा मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक होत्या. फोरूड त्या संघातून खेळल्या, मग व्यावसायिक टेनिसमध्ये गेल्या, ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्येही खेळल्या. १९७८ मध्ये गूल्डबाईंच्या संघाने स्टॅनफर्डला मुलींच्या टेनिसमधलं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं.

इथे एक विचित्र वळण आहे. कायद्याने मुलींच्या खेळात पैसा आला, पैशाबरोबर पगारी पदं आली, आणि त्या पदांवर पुरुष येऊ लागले. १९७२ मध्ये अमेरिकी कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. आज हे प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. मुली खेळायला लागल्या आणि बाई गेल्या! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्याची सुरुवातही काहीशी अशीच आहे. प्रोग्रामिंग हे हलकं, कारकुनी काम समजलं जायचं तेव्हा ते बायकांकडे होतं.

स्टॅनफर्डमध्येही गूल्डबाईंच्या नंतर फ्रँक ब्रेनन आले. माणूस कर्तबगार होता, यात वाद नाही. १९८२ पासून एनसीएए या संस्थेने मुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि पहिल्याच वर्षी ब्रेननचा संघ जिंकला. १९८६ ते १९९१ अशी सलग सहा वर्षं अजिंक्यपद त्यांच्याकडे राहिलं. एकूण दहा. त्यांच्या हाताखाली, सहायक म्हणून, फोरूड एका तपाहून जास्त काळ राहिल्या.

सहायक म्हणजे काय, हे आपल्यातल्या नोकरदारांना समजावून सांगायला नको. देशभर फिरून शाळकरी मुलींचे सामने बघायचे, घरच्यांशी बोलायचं, सरावात समोर उभं राहून चेंडू मारायचे, हरलेल्या मुलीबरोबर परतीचा प्रवास करायचा. विजेत्यांच्या यादीत नाव मात्र मुख्य प्रशिक्षकाचं. म्हणून जुने निकाल कितीही चाळले तरी ब्रेननच्या काळातल्या विजयांत फोरूडचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या मते तो बराच असावा, कारण पुढे जे घडलं ते नवशिक्या माणसाकडून घडत नसतं.

२००० मध्ये ब्रेननच्या शेवटच्या मोसमात स्टॅनफर्ड अंतिम फेरीत जॉर्जियाकडून ५–४ असं हरलं. ब्रेनन निवृत्त झाले, फोरूड मुख्य प्रशिक्षक झाल्या. २००१ मध्ये, पहिल्याच वर्षी, अजिंक्यपद. २००२ मध्ये पुन्हा. मग २००४, २००५, २००६ असं ओळीने तीनदा. मधल्या काळात लॉरा ग्रॅनव्हिल ही २००० आणि २००१ ची राष्ट्रीय एकेरी विजेती व्यावसायिक टेनिससाठी कॉलेज सोडून गेली, तरी २००२ चं सांघिक अजिंक्यपद हातचं गेलं नाही. ॲम्बर लू हिने २००३ आणि २००४ मध्ये एकेरी जिंकली. कॉलेजात मुलगी जास्तीत जास्त चार मोसम खेळते. चांगली असली तर त्याआधीच जाते. दर जूनमध्ये वर्ग रिकामा होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्या बाईंना हे नवीन नाही.

कॉलेज टेनिस वेगळं कसं, ते सांगायला हवं. टीव्हीवर आपण बघतो ते एकटीचं टेनिस. इथे दोन संघांत सात गुणांचा सामना होतो. आधी तीन दुहेरी लढती, त्यातल्या दोन जिंकल्या की एक गुण. मग शेजारशेजारच्या सहा कोर्टांवर एकाच वेळी सहा एकेरी, प्रत्येकीचा एक गुण. चार गुण झाले की सामना संपला. ३–३ झाले की बाकी सगळ्या कोर्टांवर शांतता आणि उरलेल्या एकाच कोर्टावर वीस वर्षांची एक पोरगी, सगळ्या संघाचं ओझं घेऊन. सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूचा गुण पहिल्या क्रमांकाच्या गुणाइतकाच मोलाचा. आणि प्रशिक्षकाला खेळ चालू असताना मुलीशी बोलायची परवानगी असते. तेव्हा कुठल्या कोर्टापाशी बसायचं, कुणाशी बोलायचं आणि कुणाला तिच्या तिच्यावर सोडायचं, हा रोजचा निर्णय.

मॅलरी बर्डेट हिच्या वाट्याला हे ओझं लागोपाठ दोन वर्षं आलं. २०१० मध्ये ती पहिल्या वर्षाला होती. अंतिम सामना फ्लोरिडाशी, ३–३, आणि तिने आपली लढत जिंकून अजिंक्यपद आणलं. २०११ मध्ये पुन्हा फ्लोरिडा, पुन्हा ३–३, पुन्हा बर्डेट, आणि या वेळी सामना स्टॅनफर्डच्या स्वतःच्या मैदानावर. त्या मैदानावर हा संघ १९९९ पासून हरलेला नव्हता. सलग १८४ सामने, ब्रेननच्या काळात सुरू झालेली आणि फोरूडच्या काळात चालत राहिलेली मालिका. तिसऱ्या सेटमध्ये बर्डेट चांगली पुढे होती. फ्लोरिडाची लॉरेन एम्ब्री मागून आली आणि टायब्रेकमध्ये जिंकली. १८४ ची मालिका आणि अजिंक्यपद एकाच चेंडूवर गेलं.

पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, राष्ट्रीय एकेरीच्या अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना स्टॅनफर्डच्याच मुली होत्या: निकोल गिब्ज आणि हीच बर्डेट. गिब्ज जिंकली. दुहेरी मात्र दोघींनी मिळून जिंकली. आधीच्या मेमध्ये घरच्या मैदानावर तसं हरलेली मुलगी वर्षभरात पुन्हा अशी उभी राहते, हे मला लेलेबाईंच्या कुठल्याही चषकाइतकंच मोठं वाटतं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. या स्पर्धेत ६४ संघ उतरतात, त्यातल्या १६ ना मानांकन मिळतं. २०१३ मध्ये स्टॅनफर्डचं मानांकन होतं बारावं. इतक्या खालच्या मानांकनाचा संघ तोवर कधीच जिंकला नव्हता. हा जिंकला, अंतिम सामन्यात टेक्सस ए अँड एमला ४–३ ने हरवून. २०१६ मध्ये मानांकन पंधरावं. ओक्लाहोमा स्टेटवर ४–३. २०१८ मध्ये पुन्हा पंधरावं, व्हँडरबिल्टवर ४–३. सगळ्यात हुशार मुलांचा वर्ग घेऊन शंभर टक्के निकाल लावणाऱ्या बाई आपण पाहिल्या आहेत. सहामाहीत कच्च्या असलेल्या मुलांना मार्चपर्यंत वर काढणाऱ्या बाई वेगळ्या. फोरूड पहिल्या प्रकारच्या आहेत असं २००६ पर्यंत कुणीही म्हणू शकलं असतं.

२०१३ च्या अंतिम फेरीत हरलेला टेक्सस ए अँड एमचा संघ आपल्यालाही थोडा जवळचा आहे. पुढच्याच वर्षी पुण्याची ऋतुजा भोसले त्या संघात दाखल झाली आणि २०१७ पर्यंत तिथे खेळली. टायटल नाइनमुळे मुलांच्या आणि मुलींच्या शिष्यवृत्त्यांची तोंडमिळवणी करताना कॉलेजांना मुलांच्या फुटबॉलचा मोठा आकडा भरून काढावा लागे, म्हणून अनेक वर्षं टेनिसमध्ये मुलींच्या संघाला ८ आणि मुलांच्या संघाला फक्त ४.५ शिष्यवृत्त्या मिळत. परदेशी मुलींना दार उघडलं ते अशा हिशेबांमुळेही. ऋतुजाने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं ते २०२३ मध्ये. १९७२ च्या त्या ३७ शब्दांचा एक धागा असा पुण्यापर्यंत येतो.

२०१९ मध्ये फोरूडच्या संघाने जॉर्जियाला ४–० असं हरवलं. २००० मध्ये ब्रेननना शेवटच्या सामन्यात हरवणारं तेच जॉर्जिया. स्टॅनफर्डची एनसीएए अजिंक्यपदं वीस झाली: दहा ब्रेननची, दहा फोरूडची. या सगळ्या वर्षांत फोरूडच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचा सहायक म्हणून फ्रँकी ब्रेनन बसत असे. फ्रँक ब्रेननचा मुलगा.