इंजिनाचा जडपणा (पुनर्बांधणीनंतर)

नव्याने बांधलेले मोटारीचे इंजिन हाताने फिरवताना लागणाऱ्या जादा जोराला इंजिनाचा जडपणा म्हणतात. नव्या पिस्टन रिंगा सिलिंडरच्या खरखरीत भिंतीवर घासत असल्यामुळे थोडा जडपणा स्वाभाविक असतो. दाबल्या जाणाऱ्या हवेचा विरोध टाळण्यासाठी तपासणीपूर्वी स्पार्क प्लग काढतात. मात्र इंजिन एकाच जागी अडकत असल्यास किंवा पान्याला नळी लावूनच हलत असल्यास त्यात दोष आहे असे समजतात.

कारणे
मुख्य बेअरिंगच्या कॅपची अदलाबदल होणे किंवा त्या उलट बसणे, बेअरिंगच्या पाठीमागे कचरा राहणे, क्रँकशाफ्टच्या मापाला न जुळणारी बेअरिंगे लावणे, थ्रस्ट बेअरिंगला बाजूची मोकळीक न उरणे आणि क्रँकशाफ्ट वाकलेला असणे ही प्रमुख कारणे होत.

निदान
दोष शोधताना जोडणीच्या उलट क्रमाने जातात. सिलिंडर हेड उतरवल्यावर इंजिन मोकळे फिरल्यास दोष कॅमशाफ्ट किंवा झडपांकडे असतो. अन्यथा कनेक्टिंग रॉड एकेक करून सोडवतात. सर्व रॉड सुटूनही क्रँकशाफ्ट जड राहिल्यास मुख्य बेअरिंगच्या कॅप क्रमाने सैल करतात. जी सैल करताच शाफ्ट मोकळा होतो, तेथे दोष असतो.

खबरदारी
जड इंजिन स्टार्टरने किंवा गाडी ओढून चालू केल्यास तेलाचा थर तुटून बेअरिंगे जळतात व क्रँकशाफ्ट निकामी होऊ शकतो. म्हणून जोडणी करताना प्रत्येक कॅप आवळल्यावर शाफ्ट फिरवून पाहतात.